गेल्या वर्षीचे गृहपाठ घेऊन ये

वैकल्पिक विषयांचा फॉर्म भरायला चार दिवस उरले असताना ती माझ्याकडे आली. संख्याशास्त्राची चार वर्षांची पदवी, आठ सेमिस्टर, त्यातली चार पार पडलेली. मी तिची सल्लागार शिक्षक. उरलेल्या चार सेमिस्टरमध्ये मिळून तिला सहा इलेक्टिव्ह घ्यायचे होते: पाचव्यात दोन, सहाव्यात दोन, मग सातव्या-आठव्यात एकेक. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहिते आहे. त्यात माझी एक चूक आहे, आणि सल्ला द्यायला बसणाऱ्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते, म्हणून ती लपवलेली नाही.

तिने वहीचं एक पान फाडून आणलं होतं. पानावर सात विषय आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: सीनियर्सनी दिलेले तारे, मागच्या वर्षी वरची ग्रेड किती जणांना मिळाली, आणि ‘पुढे उपयोग’. सगळ्यात वर मशीन लर्निंग, पाच तारे. दुसरा ‘व्यवस्थापनाची तत्त्वं’, त्यापुढे ‘स्कोअरिंग’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. मग टाइम सिरीज (काळाच्या ओघात नोंदलेल्या आकड्यांचा अभ्यास), सॅम्पलिंग (थोड्यांची निवड करून सगळ्यांबद्दल अंदाज बांधणं), भाषाविज्ञानाची ओळख, तांत्रिक लेखन. शेवटी रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसच्या मुळाशी असलेलं सिद्धतांचं गणित), दीड तारा, आणि बाजूला वेगळ्याच अक्षरात कुणीतरी लिहिलेलं: ‘जाऊ नकोस’.

“मॅडम, पहिले दोन पाचव्या सेमिस्टरला टाकते. बाकीचं पुढचं पुढे बघू.”

गुणांची तिची काळजी खरी होती. शिष्यवृत्ती टिकवायची तर सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून ग्रेडची सरासरी) एका मर्यादेखाली जाऊन चालणार नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ती त्या मर्यादेच्या जरा वर होती, पण फार वर नाही. ‘गुणांचा विचार करू नकोस, आवडीचं शीक’ असं सांगणं सोपं असतं. ज्याची फी गुणांवर अवलंबून आहे त्याला ते ऐकवू नये असं मला वाटतं.

तरीही त्या तीन रकान्यांबद्दल माझं काही म्हणणं होतं.

ग्रेडच्या रकान्यापासून सुरुवात करते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १९९८ पासून प्रत्येक कोर्सची मध्यक ग्रेड (सगळ्या ग्रेड क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) इंटरनेटवर जाहीर करायला सुरुवात केली. गुणपत्रक वाचणाऱ्याला त्या ग्रेडमागचा संदर्भ कळावा, हा हेतू. झालं असं की ज्या कोर्सेसमध्ये सढळ हाताने गुण मिळतात तिकडे विद्यार्थी वळायला लागले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे आकडेवारीनिशी मांडलेलं आहे. माहिती हाताशी आली की तिच्यावरच निर्णय होतो, मग ती आपल्या प्रश्नाचं उत्तर असो वा नसो. माझ्या विद्यार्थिनीच्या कागदावर नेमकं हेच झालं होतं. तारे आणि ग्रेड मिळवायला सोपे, म्हणून रकाने त्यांचे.

ताऱ्यांबद्दल तर मी तिला एक अभ्यास सविस्तर सांगितला, कारण ती संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आणि त्या अभ्यासाची रचनाच सुंदर आहे. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक निवडता येत नाही, वाटप यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं असतं. शिवाय सगळ्या तुकड्यांना एकच परीक्षा आणि पुढचे कोर्सही सक्तीचे. त्यामुळे एखाद्या शिक्षकाकडे शिकलेले विद्यार्थी पुढच्या कोर्समध्ये कसे चालले हे स्वच्छ मोजता येतं. कॅरेल आणि वेस्ट या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली ते मोजलं. ज्या शिक्षकांच्या तुकड्यांना त्या कोर्सात चांगले गुण मिळाले, त्यांना विद्यार्थ्यांचे शेरेही चांगले मिळाले. पण त्याच तुकड्या पुढच्या, त्यावर आधारलेल्या कोर्सेसमध्ये मागे पडल्या.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे तारे उलटे वाचायचे?”

उलटेही वाचायचे नाहीत. वाईट शिकवणारा शिक्षक वाईटच असतो. मी एवढंच म्हणाले की या कागदावर तू जे लिहिलं आहेस ते सगळं विषयाच्या आजूबाजूचं आहे. विषय घेतल्यावर आठवड्याचे दहा-बारा तास तू हाताने काय करणार आहेस, ते कुठेच नाही. विषयाचं नाव वर्गाच्या दारावर असतं, तुझ्या टेबलावर गृहपाठ असतो. सातही विषयांचे गेल्या वर्षीचे गृहपाठ आणि एकेक प्रश्नपत्रिका घेऊन ये. प्रत्येकातला एक प्रश्न निवड, सोडवायला बस, आणि मग ये.

दहा-बारा तास हा आकडा हवेतला नव्हता. युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट मोजायच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या २५ ते ३० तासांचं काम धरतात. सहा क्रेडिटचा कोर्स म्हणजे १५० ते १८० तास. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये वाटले तर आठवड्याला १० ते १२ तास. असे पाच कोर्स घेतले की ५० ते ६०. हे गणित बहुतेक विद्यार्थ्यांनी कधी मांडलेलंच नसतं. टाइमटेबलमध्ये व्याख्यानाचे चौकोन दिसतात, घरच्या कामाचा चौकोन कुणी छापत नाही.

जाण्याआधी आम्ही आणखी एक काम केलं. कोरा कागद आडवा धरला आणि आठव्या सेमिस्टरपासून उलटं मागे यायला लागलो. कोणता विषय कधी असतो, कशासाठी काय आधी झालेलं लागतं. मशीन लर्निंग दर सेमिस्टरला, दोन तुकड्यांत. सॅम्पलिंगही दर सेमिस्टरला. टाइम सिरीज वर्षातून एकदाच, म्हणजे या वेळी चुकली तर ती पुन्हा येईल तेव्हा हिचं सातवं सेमिस्टर असेल, आणि तिथे इलेक्टिव्हची जागा एकच. रिअल अ‍ॅनालिसिस फक्त विषम सेमिस्टरला. मेझर थिअरीवर (लांबी, संभाव्यता अशा मापांच्या गणितावर) आधारलेला प्रोबॅबिलिटीचा कोर्स तिच्यासाठी फक्त सातव्यात, आणि त्याची पूर्वअट रिअल अ‍ॅनालिसिस. म्हणजे पाचव्यात अ‍ॅनालिसिस घेतलं नाही तर तो कोर्स या पदवीपुरता कायमचा गेला. आणि प्रोबॅबिलिटीत पुढे पीएचडीचा विचार करणाऱ्याला तो नसणं जड जातं.

“पीएचडीचं मला काहीच ठरवता येत नाहीये,” ती म्हणाली.

वीस वर्षांच्या मुलीला ते ठरवता येऊ नये हे अगदी रास्त आहे. पण उलट्या बाजूने पाहिल्यावर कागदावर एक गोष्ट उघडी पडली: जे दोन विषय ती सगळ्यात आधी घ्यायला निघाली होती ते कधीही मिळणारे होते, आणि जे ‘पुढचं पुढे’ ठेवले होते त्यातले दोन आत्ताच निसटत होते.

तीन दिवसांनी ती आली. हातात गृहपाठांचा गठ्ठा, कडांना पेन्सिलीच्या खुणा.

व्यवस्थापनाच्या कोर्सचा प्रश्न तिने वीस मिनिटांत संपवला होता. त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. भाषाविज्ञानाचा गृहपाठ तिला आवडला. अनोळखी भाषेतली पंधरा-वीस वाक्यं आणि त्यांचे अर्थ दिलेले, त्यावरून प्रत्यय शोधून काढायचे. तो आठव्या सेमिस्टरसाठी बाजूला ठेवला. तांत्रिक लेखन तिने स्वतःच खोडलं.

मशीन लर्निंगच्या असाइनमेंटमध्ये एक तयार डेटासेट होता. डेटाचे दोन भाग करायचे, एकावर मॉडेल शिकवायचं, दुसऱ्यावर अचूकता तपासायची, तीन मॉडेल्सची तुलना करायची. दोन तासांत झालं. “लायब्ररीतल्या तयार कोडनेच सगळं केलं,” ती म्हणाली. “उत्तर आलं, पण मला काही विचारलंच नव्हतं असं वाटलं.” हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

टाइम सिरीजचा प्रश्न असा होता: एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या दोन यादृच्छिक चाली संगणकावर तयार करा. प्रत्येक पावलाला नाणं उडवायचं, छाप आला तर एक पुढे, काटा आला तर एक मागे. अशी दोनशे पावलं, दोन वेगळ्या मालिका. मग एकीवर दुसरीचं रिग्रेशन करा, म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज देणारी रेषा बसवा, आणि काय दिसतं ते लिहा. तिने केलं तर संबंध ‘लक्षणीय’ निघाला, आर-स्क्वेअरही (रेषा किती नीट बसली याचं माप) दणदणीत. तिला वाटलं कोडमध्ये चूक आहे. पुन्हा केलं. पुन्हा तेच, फक्त या वेळी चिन्ह उलटं. तिने ते चाळीस वेळा करून प्रत्येक वेळचा आकडा हाताने लिहून काढला होता. ते पान तिने माझ्यापुढे सरकवलं. गठ्ठ्यातलं सगळ्यात चुरगळलेलं पान तेच होतं.

हा प्रश्न जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ साली अशा मालिकांमध्ये निरर्थक सहसंबंध का दिसतात यावर लिहिलं होतं. १९७४ मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी दाखवलं की अर्थशास्त्रातली बरीच रिग्रेशन्स याच खड्ड्यात पडलेली असू शकतात. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने तारखा लिहून घेतल्या. टाइम सिरीजचं तिथेच ठरलं.

राहिलं रिअल अ‍ॅनालिसिस. तिने निवडलेला प्रश्न अभिसरणावरचा, म्हणजे एखादी रांग शेवटी कुठे पोचते यावरचा होता. ० ते १ मधली संख्या घ्यायची आणि तिचे घात वाढवत जायचे: वर्ग, घन, चौथा, पाचवा. संख्या १ पेक्षा कणभर जरी लहान असली तरी घात शून्याकडे जातात, नेमकी १ असली तर १ वरच राहतात. म्हणजे गुळगुळीत वक्रांची एक रांग शेवटी एका तुटलेल्या फलनाकडे जाते. हे का होतं, आणि ‘एकसमान’ अभिसरण (सगळे बिंदू एकत्रच शेवटाजवळ पोचणं) झालं असतं तर ते का झालं नसतं, हे सिद्ध करायचं होतं. यावर तिने दोन संध्याकाळ घालवल्या. चित्र अचूक काढलं होतं. सिद्धता अर्धवट होती, आणि अर्ध्यावर तिने लिहिलं होतं: ‘इथून पुढे खरं आहे हे दिसतंय, पण लिहू कसं?’

माझी चूक इथे झाली. दोन संध्याकाळी चिकटून बसली याचं मला कौतुक वाटलं आणि मी त्याला चिकाटीची खूण समजले. शेवटचं वाक्य मी वाचलं, पण त्याचा अर्थ घेतला नाही. पूर्वअटींच्या यादीत फक्त कॅल्क्युलसचे दोन कोर्स होते आणि ते तिने चांगल्या गुणांनी केले होते. मी म्हणाले, घे. तिने फॉर्ममध्ये टाइम सिरीज आणि रिअल अ‍ॅनालिसिस भरलं.

चौथ्या आठवड्यात अ‍ॅनालिसिसच्या इंटर्नलला तिला २० पैकी ७ मिळाले.

पेपर घेऊन आली तेव्हा ती रडली नव्हती, पण बोलत नव्हती. मी उत्तरपत्रिका वाचली. पाचपैकी चार ठिकाणी कल्पना बरोबर होती. ‘प्रत्येकासाठी एक असा आहे’ आणि ‘एक असा आहे जो प्रत्येकाला चालतो’ या दोन विधानांमधला फरक तिला चित्रात कळत होता, वाक्यात मात्र ती त्यांची अदलाबदल करत होती. कॅल्क्युलसमध्ये हे कुणी मागितलेलंच नव्हतं. वर्गातल्या ज्यांना जमत होतं, त्यातल्या बहुतेकांनी दुसऱ्या वर्षी गणित विभागाचा सिद्धतालेखनाचा एक छोटा कोर्स केला होता. तो यादीत पूर्वअट म्हणून कुठेच लिहिलेला नव्हता. ही अलिखित पूर्वअट मला माहीत असायला हवी होती. त्या शिक्षकांना एक फोन करून ‘तुमच्याकडे कोण टिकतं?’ एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं. ‘जाऊ नकोस’ असं ज्याने लिहिलं होतं, त्याचंही बहुधा हेच झालं असावं. त्या दोन शब्दांमागचं कारण मी तिला शोधायला सांगायला हवं होतं. दीड ताऱ्याबरोबर मी ते दोन शब्दही झटकून टाकले.

विषय सोडण्याची मुदत आठवड्यावर होती. आमच्यापुढे तीन वाटा होत्या. सोडून द्यायचं, म्हणजे मेझर थिअरी गेली आणि क्रेडिट पुढे कुठेतरी भरून काढायचं. तसंच रेटायचं, म्हणजे शिष्यवृत्ती धोक्यात. किंवा त्या मुदतीच्या आत कोर्स ‘फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण’ पद्धतीत वळवायचा. ग्रेड सीजीपीएत धरली जात नाही, पण पूर्वअट मात्र पूर्ण होते. अशी सोय एका कोर्सपुरती वापरता येत होती. नियमावलीत ती होती, पण विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हती. मी या वेळी ‘घे’ किंवा ‘सोड’ असं काही म्हणाले नाही. आधी विषयाच्या शिक्षकांकडे जाऊन पेपर दाखव, असं सांगितलं. त्यांनी तिला पाऊण तास दिला आणि शेवटी म्हणाले, “तुला गणित येतंय, गणिताची भाषा येत नाहीये. ती शिकता येते, पण या सेमिस्टरला वरची ग्रेड येईल असं मी म्हणणार नाही.” असं स्पष्ट उत्तर मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

तिने तिसरी वाट घेतली. वरच्या वर्षातल्या एका मुलीबरोबर दर शनिवारी दोन तास, फक्त सिद्धता लिहिणं. लिहायची, दुसरीने मोठ्याने वाचायची, जिथे वाचणारी अडखळेल तिथे खोडायचं. सेमिस्टरच्या शेवटी ती पास झाली, थोडक्यात. टाइम सिरीजमध्ये वर्गात दुसरी आली.

सहाव्या सेमिस्टरला तिने मशीन लर्निंग आणि सॅम्पलिंग घेतलं. मशीन लर्निंगची पहिली असाइनमेंट योगायोगाने तीच होती, जी तिने दोन तासांत उरकली होती. तोच डेटासेट, तेच डेटाचे दोन भाग. या वेळी ती तिसऱ्याच ओळीला थांबली. त्या डेटात तारखांचा एक स्तंभ होता. नोंदी कालक्रमाने घेतलेल्या होत्या आणि सूचना सांगत होती की त्या पत्त्यांसारख्या पिसून दोन भाग करा. तिने मला विचारलं, “मॅडम, असं पिसलं तर पुढच्या महिन्याच्या नोंदी वापरून मागच्या महिन्याचा अंदाज बांधल्यासारखं होतं ना?” होतं. भविष्य शिकवणीच्या डेटात झिरपतं आणि अचूकता फुगते. तिने दोन्ही प्रकारे करून दाखवलं: पिसून, आणि आधीच्या काळावर शिकवून नंतरच्या काळावर तपासून. दुसऱ्या पद्धतीत अचूकता बरीच खाली आली. अहवालात तिने दोन्ही आकडे दिले आणि खालचा आकडा खरा का, ते अर्ध्या पानात लिहिलं.

तिला काही विचारलंच नव्हतं, अशी ती असाइनमेंट. प्रश्न असाइनमेंटमध्ये आधीपासूनच होता, तो ऐकू यायला मधे टाइम सिरीज व्हावी लागली. यामुळे मला माझंही म्हणणं थोडं दुरुस्त करावं लागलं. गृहपाठ सोडवून बघ, हा सल्ला मी आजही देते. पण पोकळ वाटलेल्या गृहपाठाबद्दल आता मी विचारते की हा कशाच्या नंतर सोडवला तर पोकळ वाटणार नाही. विषय कोणते हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्यांचा क्रमही. दोन विषय उलट क्रमाने घेतले असते तर गुणपत्रकावर नावं तीच राहिली असती, आणि ती तारखांच्या स्तंभावरून पुढे निघून गेली असती.

विषय निवडायची मोकळीक विद्यार्थ्यांना मिळाली ती भांडून मिळाली आहे, म्हणून तिचं मोल मला वाटतं. हार्वर्डमध्ये १८६९ साली अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत सक्तीचे विषय जवळजवळ संपवत आणले. विद्यार्थी सोप्या, सुट्या, परिचयाच्या कोर्सेसवर वर्षं काढतात अशी तक्रार पुढे झाली, आणि १९०९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्यांत विस्तार असा नियम आणला. आजच्या बहुतेक पदव्यांच्या आराखड्यात या दोघांची ओढाताण दिसते. नियम खोलीची सक्ती करू शकतो, क्रम मात्र सुचवू शकत नाही. ते काम समोर बसलेल्या दोन माणसांनाच करावं लागतं.

सातव्या सेमिस्टरचा फॉर्म घेऊन ती आली तेव्हा मुदतीला दोन आठवडे होते. मला वाटलं होतं मेझर थिअरी असेल, इतक्या कष्टाने तिची वाट उघडी ठेवली होती. फॉर्ममध्ये सॅम्पलिंगचा पुढचा कोर्स होता, प्रतिसाद न देणाऱ्यांमुळे सर्वेक्षण कसं वाकतं यावरचा. सहाव्या सेमिस्टरला तिने ‘लिटररी डायजेस्ट’चं प्रकरण अभ्यासलं होतं. १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि अंदाज साफ चुकला. लँडन जिंकणार म्हणाले, तर रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. जे उत्तर देत नाहीत ते कोण, या प्रश्नाने तिला धरलं होतं.

मी सही करायला पेन उचललं आणि फॉर्मला मागे टाचलेली पानं दिसली. मेझर थिअरीचा गेल्या वर्षीचा पहिला गृहपाठ होता, पाचपैकी तीन प्रश्न पूर्ण सोडवलेले. सिद्धता स्वच्छ होत्या, एकाही ओळीत विधानांची अदलाबदल नव्हती.

“जमतंय की,” मी म्हणाले.

“हो, जमतंय. पण चौथा प्रश्न सोडवावासा वाटला नाही,” ती म्हणाली, आणि टाचणी काढून सॅम्पलिंगचा गृहपाठ वर घेतला. त्यातले सगळे सोडवलेले होते, आणि शेवटच्या पानावर तिने स्वतःचा एक सहावा प्रश्न लिहिला होता. मी सही केली आणि तो प्रश्न वाचायला घेतला.